बगळ्याची गादी

"इंजिनाला सगळे विचारतात. पण बुडाला विचारलंय का कुणी आजवर, की बाबा, तुझं बरं चाललंय ना?"

"पिना काढा तोंडातल्या, मग बोला," बायको म्हणाली. "निम्मं कळत नाही. आणि कळतं ते ऐकवत नाही."

त्यानं पिना काढल्या नाहीत. डबीतल्या आणखी दोन उचलून ओठांत धरल्या, रेक्झिनची कड ताणली आणि एकेक पीन अशी टोचायला लागला, की जणू खाली फोम नसून कुणाची तरी मांडी आहे. भिंतीपलीकडं गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दारात अख्खी गल्ली गोळा झाली होती. थंडीत मोटारसायकलवर गेलेला परदेशी पाहुणा, गल्लीचा बगळा, ऊन तापल्यावर परत आला होता, आणि जो तो मिस्त्रीला विचारत होता, इंजिन कसं चाललं, चढाला दमलं का, तेल किती प्यायलं. मिस्त्री स्वतःच सगळा मुलूख फिरून आल्यासारखा सांगत होता.

"जा की तुम्ही पण," बायको म्हणाली. "भिंतीला कान लावून लावून पोपडे पाडाल."

"मला काम आहे."

"दिसतंय ना. एकाच जागी तीनदा पीन टोचली."

ह्याला टाचण्या म्हणतात. नाव आहे त्याला, चांगलं चार अक्षरी आहे, पण ते लग्नाच्या दिवशी एकदा वापरलं आणि ठेवून दिलं. मोटारसायकलच्या गाद्या शिवायचा त्याचा धंदा. कापड शिवायच्या आधी पिनांनी बसवून घ्यावं लागतं, आणि पिना ठेवायला तोंडासारखी हाताशी जागा दुसरी नाही. पुढं पुढं सवयच जडली. गिऱ्हाइकानं घाई केली, कुणी खोड काढली, बायकोनं अडचणीचं काही विचारलं, की टाचण्या चार पिना ओठांत धरून मोकळा. तोंडात पिना असलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही. गिळल्या तर काय घ्या!

दुकान म्हणजे एक लांबट खोली, दार बोळात. उजवीकडं शिलाई मशीन, डावीकडं फोमच्या लाद्या, आणि वरच्या आडव्या दांडीला आकड्यांवर टांगलेल्या फाटक्या गाद्या. नवखा माणूस आत आला की त्याला आधी खाटकाकडं आल्यासारखं वाटतं, मग चिकटवायच्या सोल्यूशनचा वास नाकात चढतो. खिडकीखाली एका मेलेल्या मोटारसायकलचा सांगाडा विटांवर बसवलाय. चाकं नाहीत, इंजिन नाही. नुसती हाडं, हँडल आणि पाय ठेवायच्या दांड्या. बसायच्या जागी लाकडी खोका आणि खोक्यात लोण्यासारखी मळलेली माती. गिऱ्हाईक आलं की टाचण्या मातीवर प्लास्टिक अंथरतो आणि म्हणतो, बसा. पाय दांडीवर, हात हँडलवर. आणि बोलत राहा.

बोलत राहा, हे त्यातलं मुख्य. गप्प बसलेला माणूस ताठ बसतो आणि ताठ बसलेल्याचं बूड खोटं बोलतं, असं टाचण्याचं म्हणणं. म्हणून तो सासुरवाडीचं विचारतो, शेजाऱ्याचं विचारतो, झोप लागते का विचारतो. बोलता बोलता माणूस सैल पडतो, कंबर ढिली होते, आणि मातीत खरा ठसा उतरतो. मग विणायच्या सुईनं तो खड्ड्यांची खोली मोजतो आणि त्या मापानं फोम कापतो. कोण उजवीकडं कलतो, कोण मागं सरकतो, कोण घाबरून टाकीला चिकटतो, सगळं त्याला पाठ. रस्त्यात माणूस भेटला तर तोंडाकडं हा नंतर बघतो. लोक म्हणतात, टाचण्याकडं गावाची बुडं गहाण पडलीत.

आता मिस्त्री. मिस्त्री टाचण्याचा साडू. साडू म्हणजे काय, ते ज्याला आहे त्यालाच विचारावं. त्याची बायको थोरली, ह्याची धाकटी. दोघी बहिणींचं एकमेकींवाचून पान हलत नाही; एकीचं दूध नासलं तर दुसरीच्या पातेल्यात चहा होतो. सासऱ्यानं दोघा जावयांना दुकानं शेजारी शेजारी बघून दिली. चांगल्या मनानंच दिली. पण थोरल्याला रस्त्याकडची आणि धाकट्याला बोळातली. वर चारचौघांत बोलून गेला, की थोरल्या जावयाच्या हातात विद्या आहे आणि धाकट्याच्या हातात सुई. सासरा जाऊन वर्षं लोटली. सुई अजून जागच्या जागी रुतलेली.

बरं, मिस्त्री वाईट असता तर सोय झाली असती. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं, त्याचा हेवा करत बसावं लागत नाही. पण हा गडगडाटी हसणारा, कुणाची गाडी अडली की हातातला घास खाली ठेवून उठणारा. वाऱ्यानं टाचण्याच्या घरावरचे पत्रे उडाले तेव्हा न बोलावता शिडी घेऊन आला तो मिस्त्रीच. आणि त्याच शिडीवरून पडून माकडहाड कायमचं दुखावून बसला तोही मिस्त्रीच. तेव्हापासून कुठंही बसताना तो आधी एक कुल्ला टेकवतो, अंदाज घेतो, मग दुसरा. बाहेर कुणाला ठाऊक नाही, घरातलीच गोष्ट. टाचण्याला ते बघून वाईट वाटतं की नाही, हे सांगता येणार नाही. पण त्याच्या डोक्यात एवढं नक्की येतं, की पडला तरी नाव ह्याचंच झालं.

आणि मिस्त्रीच्या दारात स्वतःच्या दोन गाड्या. टाचण्या गावभरच्या गाड्यांना गाद्या चढवून संध्याकाळी सायकलवर घरी जातो. सायकलची गादी तेवढी राजाला लाजवेल अशी.

तर हा बगळा आदल्या थंडीत परदेशातून आला. देश फिरायचा म्हणून इथंच एक जुनी मोटारसायकल विकत घेतली आणि मिस्त्रीकडं आणली. उंच, पायांच्या नुसत्या काठ्या, आणि टायर बघताना एक पाय वर घेऊन उभा राहायचा. गल्लीला नाव शोधायला फार वेळ लागला नाही. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, पुसलं, लावलं, चार दिवस दारात गर्दी केली. गाडी गुरगुरत निघाली. आणि दुसऱ्या दिवशी बगळा ती ढकलत परत आला, दोन मांड्यांत घागर धरल्यासारखा चालत. मिस्त्रीनं इंजिन तपासलं. इंजिन ठणठणीत. मग त्यानं बगळ्याच्या चालीकडं पाहिलं, खदखदून हसला आणि बोळाकडं बोट दाखवलं. टाचण्याला ते हसणं लागलं. जणू इंजिन म्हणजे दुखणं आणि बूड म्हणजे विनोद.

बगळ्याला मातीवर बसवलं. भाषा त्याची एक, ह्याची दुसरी, पण बोलत राहा हा नियम. बगळा आपल्या भाषेत काहीबाही सांगायला लागला. हातवाऱ्यांवरून त्यात एक घर होतं, एक म्हातारी होती आणि पाऊस का बर्फ असं काहीतरी होतं. तो थांबला की टाचण्या बोलायचा, नाहीतर गडी पुन्हा ताठ व्हायचा. आणि काय झालं कुणास ठाऊक, समोरच्याला अक्षर कळत नाही म्हटल्यावर टाचण्याच्या तोंडातून साडूच बाहेर पडायला लागला. रस्त्याकडची जागा, सासऱ्याची सुई, शिडी, सगळं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरज नव्हती म्हणा, तिला आंधळ्या कोशिंबिरीतही नवरा दिसायचा. बगळा मान डोलवत होता, मधेच हूं करत होता. शेवटी दोघांचीही कंबर ढिली झाली.

ती गादी टाचण्याच्या हातून उतरली ती उतरलीच. पुढं अरुंद, म्हणजे लांब पाय अडणार नाहीत. मधे बशीसारखी खोल. मागं हलकी उचललेली, उतारावर माणूस सरकू नये म्हणून. बगळा तिच्यावर बसला आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू कुणीतरी ओझं उतरवून घेतलंय. जाताना त्यानं गादीवर दोन थापा मारल्या आणि टाचण्याच्या खांद्यावर दोन. त्या चार थापांचा अर्थ टाचण्या पुढं सगळा हंगाम लावत बसला. कसाही लावला तरी एकच निघायचा: परत आलो की ही गाडी तुझी.

अधूनमधून बगळा फोटो पाठवायचा. ते यायचे मिस्त्रीच्या फोनवर. मिस्त्री हौसेनं भिंतीपलीकडून हाक मारायचा आणि टाचण्या नाइलाजानं गेल्यासारखा जायचा. डोंगर, नदी, समुद्र, आणि पुढं गाडी. प्रत्येक फोटोत इंजिन चकाकत असायचं, आणि गादीवर एकतर बगळा बसलेला नाहीतर त्याचं गाठोडं. एका फोटोत गादी दिसणार असं वाटलं, तर तिच्यावर शेळी उभी. मिस्त्री पोट धरून हसला. टाचण्यानं घरी येऊन बायकोला शेळीला कशी अक्कल नसते ते सांगितलं.

आता बगळा परत आला होता आणि आपल्या देशी निघायच्या बेतात होता. गाडी सोबत नेता येत नाही, ती कुणाला तरी ठेवून जाणार, एवढं गल्लीला कळलं होतं. टाचण्या त्या सकाळी बाहेर गेला नाही, कारण ज्याला हाक यायची असते त्यानं आत बसावं, असा त्याचा हिशेब. सायकल त्यानं आधीच बोळात जरा बाजूला सरकवून ठेवली होती. जागा करून.

हाक आली नाही. दुपारी मिस्त्रीच आला, काखेत गादी.

"टाचण्या, ऐकलंस का? बगळा गाडी मला ठेवून चाललाय. उद्या सकाळी निघतो. मागची शिवण उसवलीय बघ, तेवढी घालून दे. घरातलंच काम."

टाचण्यानं मान हलवली. तोंडात पिना होत्या हे बरं झालं.

मिस्त्री गेल्यावर तो कितीतरी वेळ ती गादी मांडीवर घेऊन बसला. ऊन लागून रेक्झिन फिकट झालं होतं, कडेला धुळीच्या रेघा होत्या, पण बशी मोडली नव्हती. इतकी फिरून आली आणि फोम केसभर दबला नव्हता. कुणी बघायला हवं होतं. कुणी म्हणायला हवं होतं. आणि आता हिच्यावर बसणार कोण, तर ज्याच्याकडं दोन गाड्या आहेत तो. ज्याला सगळं सांगितलं त्यानंच गाडी त्याच्या घशात घातली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. देवाला पण, त्याला वाटलं, रस्त्याकडचीच दुकानं दिसतात.

बायको बहिणीकडं गेली होती. बोळ दुपारचा सुस्त पडला होता. टाचण्यानं उसवलेली शिवण घातली नाही; आणखी उसवली. गादी मागच्या अंगानं उघडली. जुन्या टायरची बोटभर जाड पट्टी शोधली, अंगठ्याएवढी कापली, फोममध्ये तेवढीच खाच पाडली आणि पट्टी आत बसवली. कुठं बसवायची ते मोजावं लागलं नाही. मिस्त्रीचं माकडहाड कुठं टेकतं हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. वरून हात फिरवला तर कळत नव्हतं. पण गावातल्या गावात चार चकरा मारल्यावर मिस्त्रीला कळलं असतं. आधी वाटलं असतं रस्ता खराब आहे, मग वाटलं असतं वय झालं, आणि गाडी आपसूक कोपऱ्यात उभी राहिली असती. तेव्हा टाचण्या जाऊन म्हणणार होता, तुला सोसत नाही तर मी वापरतो.

त्यानं शिवण अशी घातली, की स्वतःलाच कौतुक वाटलं. दिवस कलताना जाऊन गादी गाडीवर बसवून आला. बगळा तिथं नव्हता. मिस्त्रीनं पाठीवर थाप मारली. टाचण्याला रात्री झोप छान लागली, हेही सांगायला हवं.

सकाळी मिस्त्रीच्या दारात भाड्याची मोटार येऊन उभी राहिली. बगळ्याच्या पिशव्या आत गेल्या. गल्ली जमली, मिस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांशी गाडीचा नवा मालक म्हणून बोलायला सुरुवात केली. टाचण्या बोळाच्या तोंडाशी उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. बगळ्यानं किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. मिठी मारली. मग मिस्त्रीच्याच पेटीतून एक पाना उचलला, गाडीशी खाली बसला आणि गादीचे नट सोडायला लागला.

सगळ्यांना वाटलं, काहीतरी तपासतोय. बगळ्यानं गादी उचलली, काखेत घेतली आणि मोटारीकडं चालायला लागला. मिस्त्री म्हणाला, अरे अरे. बगळा थांबला. त्यानं दूर आभाळाकडं बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी हँडल धरल्यासारखं केलं, अर्धवट वाकून हवेत बसून दाखवलं, आणि डोळे मिटून सुखाचा एक सुस्कारा टाकला. तिकडं त्याची दुसरी गाडी होती. इंजिन तिचं तिच्याकडं होतं. त्याला हवी होती ती गादी.

मिस्त्रीचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, फक्त आतून विझलं. त्याच्या हातात किल्ली आणि समोर गाडी, मधोमध उघडी, बॅटरी आणि वायरी दिसत, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी.

टाचण्याची छाती अशी फुगली, की बोळ अरुंद वाटायला लागला. इंजिन इथं राहिलं होतं. गादी चालली होती विमानातून. सासरा आज असायला हवा होता. अख्ख्या गल्लीच्या माना त्याच्याकडं वळल्या, आणि ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट बघितली तो क्षण आला, आणि त्याच क्षणी त्याला पट्टी आठवली.

बगळ्याच्या काखेत साडूसाठी ठोकलेला खिळा होता.

मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला. टाचण्या पुढं झाला, गादी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला, "थांब. एक टाका राहिलाय."

मिस्त्रीनं विचारलं, एवढा मुलूख फिरून आलेल्या गादीला आता कसला टाका. बगळ्याला वाटलं, हा गादी परत मागतोय, तो सोडेना. दोघं जरा वेळ गादीच्या दोन टोकांना लोंबकळले. गल्लीला तो निरोपाचा प्रकार वाटला, कुणीतरी हळहळलंसुद्धा. शेवटी टाचण्यानं जोर लावला, गादी ओढून घेतली आणि बोळात पळाला. बगळा लांब टांगा टाकत मागोमाग.

आत आल्यावर टाचण्यानं मशीनवर गादी उलटी टाकली आणि कालची ती कौतुकाची शिवण पात्यानं फाडली. रेक्झिन मागं ओढलं, खाचेत बोट घातलं आणि पट्टी उपसून काढली. बगळा दारात उभा. तो जवळ आला, मशीनवरची पट्टी उचलली, उलटसुलट बघितली, अंगठ्यानं दाबली. मग खाचेकडं बघितलं. मग टाचण्याकडं.

टाचण्यानं डबी ओढली आणि मावतील तेवढ्या पिना तोंडात भरल्या.

तेवढ्यात बायको आली, मागच्या दारानं. ती दोघांकडं बघत उभी राहिली. तिला पट्टी दिसली, खाच दिसली, नवऱ्याचे फुगलेले गाल दिसले. मांडणी करायला तिला वेळ लागला नाही. मिस्त्रीचं माकडहाड तिच्याही घरातली गोष्ट होती. तिनं बगळ्याच्या हातातून पट्टी घेतली, त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि स्टुलाकडं बोट केलं. मग फोमच्या तुकड्यांतून खाचेच्या मापाचा एक तुकडा निवडून नवऱ्यापुढं ठेवला.

"हा बसेल," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा मऊ आहे."

टाचण्यानं तुकडा सोल्यूशन लावून बसवला, कडा घासून सारख्या केल्या, रेक्झिन ओढलं, पिनांनी धरलं आणि शिवण घातली. कालच्यासारखी देखणी नाही आली. बाहेर हॉर्न सारखा वाजत होता. गादी सुलटी करून त्यानं सांगाड्यावर, मातीच्या खोक्यावर ठेवली आणि बगळ्याला म्हणाला, बस. बगळा बसला. हलून बघितलं. पुढं मागं सरकला. आणि मग बोलायला लागला, आपल्या भाषेत, न विचारता, भराभर. त्यात दोनदा त्यानं भिंतीकडं बोट केलं आणि एकदा पट्टी होती त्या जागेकडं. टाचण्याला अक्षर कळलं नाही. पण त्याचे कान लाल झाले.

बगळा गेला. जाताना थापा मारल्या नाहीत, कारण दोन्ही हात गादीत अडकले होते.

मोटार वळून दिसेनाशी झाल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही जन्मात विमानात बसला नाहीत. तुमची गादी बसली."

हे तिनं चांगल्या हेतूनं म्हटलं. पण टाचण्याला तेही कुठंतरी लागलंच. गादीचा हेवा करणारा माणूस ह्या गल्लीत तोच एक निघाला असता.

दुपार व्हायच्या आत बोळात चाकांचा आवाज आला. मिस्त्री उघडी गाडी ढकलत आला होता. स्वतःचं माप द्यायला तो बोळात कधी आला नव्हता. गिऱ्हाइकं आपली तिकडूनच पाठवून द्यायचा. त्यानं गाडी उभी केली, फडक्यानं हात पुसले, ते आधीच स्वच्छ होते.

"गादी करून दे मला."

टाचण्यानं मातीवर पाणी मारलं, थापी फिरवून बगळ्याची खूण पुसली, प्लास्टिक अंथरलं आणि म्हणाला, बसा मिस्त्री. मिस्त्रीनं आधी एक कुल्ला टेकवला, अंदाज घेतला, मग दुसरा. पाय दांडीवर, हात हँडलवर. आणि गप्प. अख्ख्या गल्लीला बोलण्यात गुंगवून ठेवणारा माणूस, पण शाळेत पहिल्या दिवशी बसवल्यासारखा ताठ. टाचण्या सुई घेऊन उभा राहिला. मातीत काही उतरत नव्हतं.

"बोलत राहा," टाचण्या म्हणाला.

"काय बोलू?"

"काही पण. घरातलंच."

मिस्त्रीनं खिडकीबाहेर बघितलं. बायको मागं फोमच्या लाद्या सारख्या करत होती, ती सारख्याच होत्या.

"इंजिन मी तीनदा उघडलं त्याचं," मिस्त्री म्हणाला. "गाडी ठेवून गेला, मोठं मन आहे, मी नाही म्हणत नाही. पण जे बरोबर न्यावंसं वाटलं ते तुझं. एखादा नट तरी न्यायचा होता रे माझ्या हातचा. ठेवला असता खिशात. काय जड होतं?"

त्या आवाजाची टाचण्याला ओळख होती. तो आवाज त्यानं इतकी वर्षं आतून ऐकला होता, फक्त दुसऱ्याच्या तोंडून कसा वाटतो ते माहीत नव्हतं. ऐकायला गोड लागला, हे खोटं कशाला सांगा. आणि गोड लागता लागता शिडी आठवली, मग तेवढा गोड लागेना.

मिस्त्री बोलतच सुटला. सासरा त्याला काय म्हणायचा, रस्त्याकडच्या दुकानात धूळ किती येते, सगळी गल्ली दिवसभर डोक्यावर कशी बसते, आणि बोळातल्या सावलीत एकट्यानं शिवत बसणाऱ्याला कसं बरं वाटत असेल. बोलता बोलता खांदे उतरले, कंबर ढिली पडली, आणि माती हळूच दबली.

"हलू नका आता," टाचण्या म्हणाला.

"तशीच होईल ना? त्याच्यासारखी?"

बायकोनंही मान वर केली. टाचण्यानं डबीतल्या चार पिना ओठांत धरल्या आणि मान अशी हलवली, की हो म्हटलं का बघू म्हटलं ते कुणालाच कळू नये.

मिस्त्री उठून गेला. जाताना दाराशी म्हणाला, गादी होईपर्यंत गाडी इथंच राहू दे. ती बोळात उभी राहिली, टाचण्यानं सायकल सरकवून केलेल्या त्याच जागेत.

"एकदा बसून तरी बघा," बायको म्हणाली.

"कशावर? गादी कुठंय?"

तिनं टायरची पट्टी त्याच्यापुढं धरली आणि हिचं काय करायचं ते विचारलं. शिलाई मशीनचा एक पाय कधीपासून आखूड होता, शिवताना टेबल खडखडायचं. टाचण्यानं पट्टी त्या पायाखाली सारली. खडखड थांबली. मग तो सांगाड्यापाशी गेला, प्लास्टिक अलगद उचललं आणि ठशात सुई घातली. उजवा खड्डा, डावा खड्डा. माकडहाडाच्या जागेला पोचल्यावर त्यानं दोनदा मोजलं, फोमवर खडूनं गोल काढला आणि त्या गोलाच्या आत करवतीचं पातं तिरकं धरून, मऊ हातानं, बोटभर खोल कोरायला सुरुवात केली.